गादीतला बांध

गादीच्या दुकानात शिरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? मूठ वळतो आणि गादीत खुपसतो. वकील असो, उसाचा बागायतदार असो, नाहीतर इचलकरंजीत मागावर पाळी करून आलेला विणकर असो, सगळे मुठीनंच गादी बघतात. मूठ आत गेली की मान हलवतात, "मऊ हाय." जणू रात्री गादीवर मूठ झोपणार आहे आणि बाकीचा माणूस शेजारी उभा राहणार आहे.

मी विचारायची, "पावणं, झोपता कसं तुम्ही? पाठीवर का कुशीवर?"

माणूस असा बघायचा की मी त्याच्या घरातली भानगड बाहेर काढली. आणि "जरा झोपून बघा" म्हटलं की संपलंच. कोल्हापुरात भर लक्ष्मीपुरीत, रस्त्यावरून माणसं जात असताना, चारचौघांत आडवं व्हायचं? आडवा होतो तो आजारी, नाहीतर प्यालेला, नाहीतर मेलेला. धडधाकट माणूस दुकानात आडवा होत नाही, असा आमच्या गावचा अलिखित नियम होता. बाईमाणसाचं तर नावच नको. पातळ घेताना दुकानदाराचा सगळा माळा खाली उतरवतील, चप्पल पायात घालून फेऱ्या मारतील, आंबा हुंगल्याशिवाय घेणार नाहीत. आणि जिच्यावर आयुष्याचा तिसरा हिस्सा काढायचा ती वस्तू मुठीनं बघणार.

माझा सगळा धंदा या एका लाजेशी भांडण्यात गेला. ते भांडण मी जिंकले, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटापर्यंत ताणत बसणं मला जमत नाही.

आम्ही नदाफ, म्हणजे पिंजारी. आजोबा खांद्यावर पिंजायची धनुकली घेऊन दारोदार फिरायचे. अब्बांनी दुकान काढलं, पिंजणाचं मशीन बसवलं आणि त्याबरोबर छातीत दमाही घेतला. कापसाची बारीक धूळ नाकातोंडात जाते, ती कायमची वस्तीला राहते. मला भाऊ नाही. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कॉलेजची पायरी फक्त अब्बा चढले होते, तेही वसतिगृहाच्या गाद्या पोचवायला.

बी.ए. झाल्यावर मी मास्तरीण होणार असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. मी दुकानात बसले. शेजारचा भांडेवाला अब्बांना म्हणाला, "नदाफभाई, कापूसच पिंजायचा हुता तर पोरीची फी कशाला भरली?"

अब्बा म्हणाले, "फी मी भरली. तुमच्या पोटात का दुखतंय?"

घरात आम्ही आमची हिंदी बोलायचो, पण भांडण असलं की अब्बांना मराठीच लागायची.

आता बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडा समजावून सांगते. आमच्या वेळची गादी म्हणजे गादीपाटाच्या जाड पट्टेरी कापडाची खोळ आणि आत पिंजलेला कापूस. नवा कापूस मऊ आणि फुगीर असतो. जुना, परत पिंजलेला कापूस जरा राठ, पण बसका आणि भरवशाचा. सावरीचा कापूस उशीला ठीक, गादीला नाही. तो माणसाला लाडावून ठेवतो आणि सहा महिन्यांत दबतो. खोळ भरली की काठ्यांनी झोडून कापूस सारखा करायचा, मग दाभणानं आरपार टाके घालायचे, शेवटी चारी बाजूंनी गोल जाड काठ शिवायचा. टाके नीट नसतील तर कापूस चालायला लागतो. होय, चालतो. माणूस एका जागी झोपतो आणि कापूस त्याच्या खालून निघून जातो.

भूगोलाचा मला काय उपयोग झाला तेही सांगते, कारण ते सगळ्यांनी विचारून झालंय. कुशीवर झोपलेला माणूस ही एक डोंगररांग असते. खांदा एक डोंगर, कंबर ही खिंड आणि त्याच्यापुढं बसायची जागा हा दुसरा डोंगर. गादी फार कडक असेल तर दोन्ही डोंगरांना टोचते आणि खिंड अधांतरी राहते. फार मऊ असेल तर जड डोंगर आधी बुडतो आणि कणा झोळीसारखा वाकतो. चांगली गादी डोंगराला थोडी वाट देते आणि खिंडीला टेकू देते. हे बघायला मूठ कामाची नाही. आडवं व्हायचं, कमरेखाली तळहात सरकवायचा. सहज आरपार गेला तर गादी कडक. शिरलाच नाही तर तुम्ही बुडालात. अडखळत अडखळत गेला तर ती गादी तुमची. आणि लगेच उठायचं नाही. चहा सांगायचा आणि तो निवेपर्यंत पडून राहायचं.

पण त्या काळी गादी वजनावर जायची. जितकी जड तितकी खानदानी. लग्नाच्या गादीचं तर विचारूच नका. मुलीबरोबर गेलेली गादी सासरच्या बायका उचलून बघायच्या. उचलताना धाप लागली तर माहेर चांगलं, एका हातानं उचलली तर माहेर हलकं. गादीवर झोपणाऱ्या मुलीचं वजन कुणी विचारत नव्हतं.

दुकानावर बसल्याबरोबर मी मागच्या बाजूला एक कॉट टाकली, तिच्यापुढं फुलाफुलांचा पडदा लावला आणि गिऱ्हाइकाला सांगायला लागले, आत जा, कुणी बघत नाही, झोपून बघा. पहिलं वर्षभर त्या कॉटवर फक्त आमचं मांजर झोपलं. अब्बा म्हणायचे, "माप घे त्याचं. एवढंच गिऱ्हाईक आहे तुझं." एकदा एक रिटायर फौजदार धीर करून पडद्यामागं गेले. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू यायला लागलं. दुकानाबाहेर माणसं जमली. फौजदार जागे झाले, टोपी सारखी केली आणि बाहेर हसणाऱ्या माणसांकडं न बघता चालू लागले, ते पुन्हा आमच्या बोळात आले नाहीत. इतकी चांगली झोप लागलेला माणूस त्याच कारणानं मी घालवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

अशा दिवसांत बाबूराव आले.

बाबूराव राधानगरीकडचे. भात, थोडा ऊस, दोन म्हशी. अब्बांचे जुने गिऱ्हाईक. धाकट्या मुलीचं, शालनचं, लग्न जमलं होतं. जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात स्थळ मिळालं होतं आणि सासूचं वर देवळाच्या वाटेवर गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं.

"गादी अशी पायजे," बाबूराव म्हणाले, "की उचलायला चौघं लागली पायजेत."

मी विचारलं, "काका, जावई अंगानं कसा आहे?"

बाबूराव माझ्याकडं बघतच राहिले. मग अब्बांकडं वळले. "नदाफभाई, तुमची पोर माझ्या जावयाचं अंग इचारतिया."

दुकानात बसलेले सगळे हसले. मी म्हटलं, "आणि कॉट कसली आहे? फळ्यांची का नवारीची?"

"पोरी, तू गादी भर. पलंगाचं आमचं आमी बघतो."

मी सांगितलं त्याच्या दुप्पट कापूस त्यांनी भरायला लावला, तोही सगळा नवा. अब्बा मला म्हणाले, "गिऱ्हाइकाची लेक आहे, गिऱ्हाइकाची हौस आहे. भर." भरली. ती गादी एस.टी.च्या टपावर चढवताना खरोखरच चौघं लागली आणि बाबूराव खाली उभे राहून मंत्र्याची गाडी निघावी तसे बघत होते.

भाताची कापणी होऊन गेल्यावर बाबूराव परत आले. या वेळी दुकानात शिरले नाहीत, पायरीवरच बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"तुमच्या गादीनं माझ्या पोरीचा संसार मोडाय घातला," ते म्हणाले.

सगळं बाहेर यायला वेळ लागला. शालनची पाठ धरली होती. सकाळी उठताना वाकताच येईना, पाण्याची घागर उचलायची तर आधी गुडघे टेकायला लागायचे. औषधं झाली, शेक झाला, डॉक्टरांना हाडात काही सापडलं नाही. सासू म्हणत होती, पाठीची अधू पोरगी आमच्या गळ्यात मारली. आणि गादीही आता चपटी दिसते, म्हणजे कापूसही वजनात मारलेला. माहेरानं दोन्हीकडून फसवलं. येत्या सोमवारी पोरगी घेऊन जा, पाठ बरी झाली की बघू, असा निरोप आला होता.

"पाठ बरी झाली की बघू," बाबूराव परत म्हणाले. "अशी माघारी आलेली पोरगी परत जाती व्हय, बाई? तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा."

अब्बा उठले. दाभण, दोरा, कात्री पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. डोंगराखालच्या गावाला जाण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. एवढंच म्हणाले, "रशिदा, उसव. फाडू नको."

शालनच्या सासूचं नाव हौसाबाई. बाबूराव आणि मी पोचलो तेव्हा सोप्यात बसून खोबऱ्याच्या वाट्या निवडत होत्या. हातापायाच्या रेषांत गुलाल कायमचा मुरलेला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हीच का ती शिकल्याली पिंजारीण?"

"होय. बी.ए.," मी म्हटलं.

"मग गादी पुस्तकात बघून भरली हुती व्हय?"

"गादी गिऱ्हाइकाचं ऐकून भरली होती. म्हणूनच बिघडली असणार. मला बघू द्या."

बाबूराव सोप्यातच थांबले. नव्या जोडप्याच्या खोलीत कुठला बाप्या जाणार? गादीवाला जाऊ शकत नव्हता, डॉक्टर गेला नव्हता, बापाला तर उंबऱ्यापर्यंतही जाता येत नव्हतं. मी गेले. पिंजाऱ्याच्या धंद्यात बाई असण्याचा हा फायदा माझ्या आधी कुणाच्या डोक्यात आला नसावा.

आत कॉट होती, नवारीच्या पट्ट्यांनी विणलेली, आणि नवार झोळीसारखी लोंबत होती. चादर काढली. भिंतीकडच्या अंगाला गादीत खोल खड्डा पडला होता, म्हैस बसून उठल्यावर चिखलात पडतो तसा. शालनच्या बाजूला कापसाचा उंचवटा, तोही त्या खड्ड्याकडं उतरत गेलेला. आणि शालनच्या बाजूचा काठ, जिथं खांदा येतो बरोबर तिथं, तळहाताएवढ्या जागेत काळा पडला होता. दोन टाके तुटले होते. बाकी सगळा काठ नवा कोरा.

मी शालनला आत बोलावलं. चिमणीएवढी पोर, चालताना एक हात कमरेवर.

"झोप बघू," मी म्हटलं. "रोज झोपतेस तशी."

तिनं खाली मान घातली. "आत्ता? दिसाउजेडी? आत्ती काय म्हणतील?"

आत्ती म्हणजे सासू. मी दाराला कडी लावली आणि सरळ त्या खड्ड्यात जाऊन आडवी झाले. "हे बघ, मी तुझ्या मालकांच्या जागी पडले. आता तू तुझ्या जागी ये. माझी लाज गेली, तुझी जायची बाकी आहे."

ती हसली. मग हळूच कडेला टेकली, आडवी झाली आणि माझ्याकडं पाठ केली. अंग टेकतं न टेकतं तोच तिचा हात गेला आणि त्यानं तो काठ घट्ट धरला.

"शालन, हे काय?"

"काय?"

"हात."

तिनं हाताकडं असं बघितलं की तो कुणीतरी तिथं विसरून गेलाय. मग म्हणाली, "न्हाय धरलं तर घरंगळतो की मी."

आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, पडलो असंच बोलतात. लिहिताना मी आले, गेले लिहिते. कॉलेजनं तेवढं केलं.

"रोज रात्रभर धरून झोपतेस?"

"मग काय करू? ते पडलं की सगळी गादी तिकडंच जाती. दिवसभर राबून आल्यालं माणूस, त्यास्नी सारखं धक्का देऊन उठवायचं?"

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू, बाई? नवऱ्याच्या अंगावर घरंगळतो म्हणून सांगू?"

मला हसू आलं. ते बघून तिला आलं. मग आम्ही दोघी त्या गादीवर पडून तोंडात पदर कोंबून हसत राहिलो. बाहेरून दार वाजलं. "आत काय तमाशा लावलाय?"

असं सगळं मिनिटभरात उघड झालं होतं. पाठ अधू नव्हती. रात्रभर एका हातानं कड्याला लोंबकळून झोपणाऱ्या कुणाचीही पाठ धरेल, माझी धरेल, हौसाबाईंची धरेल. पण हे आता बाहेर जाऊन सांगायचं कसं? सोप्यात सासू, बाप, दोन शेजारणी आणि दारात शालनचा नवरा मारुती. दारात म्हणजे, दार भरून. पोरगा गरीब स्वभावाचा, पण अंगानं अख्खी तालीम. त्याच्या तोंडावर मी काय बोलणार होते, की तुझ्या वजनानं तुझी बायको घरंगळते?

"सापडली का खोट?" हौसाबाई म्हणाल्या.

"पाठीत काही खोट नाही," मी म्हटलं. "गादीला बांध नाही."

"कसला बांध?"

"उताराच्या रानाला बांध घातला नाही तर काय होतं?"

"माती वाहून खालच्या रानात जाती."

"इथं तेच झालंय. कापूस सगळा एका अंगाला वाहून गेलाय."

कापूस म्हटलं मी. कापूसच. पण मारुतीच्या कानापर्यंत रंग चढला आणि त्याला एकदम गोठ्यातलं काहीतरी काम आठवलं. शहाणा होता. हौसाबाई त्याच्या पाठीकडं बघत राहिल्या, मग शालनकडं बघितलं, आणि खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. त्यांना काय कळलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

"गादी उसवायला लागेल," मी म्हटलं.

"लग्नाची गादी? फाडायची न्हाय. अपशकुन."

"फाडत नाही. काठाची एक बाजू उसवते, काम झालं की तीच बाजू शिवते. गादीपाटाला कात्री लागली तर माझा हात धरा."

"आणि कापूस काढून पिशवीत घालून न्हेशील. आधीच वजनात मारलाय."

बाबूराव उठायला लागले. मी हातानंच त्यांना बसवलं. "हौसाबाई, तागडी आहे घरात?"

"तागडीबिगर खोबरं इकतो व्हय आमी?"

"मग आणा. तुमची तागडी, तुमची मापं, तोला तुम्ही."

अंगणात घोंगडं अंथरलं. मी काठ उसवला आणि कापूस बाहेर काढला. हौसाबाई तागडी धरून बसल्या आणि देवाच्या वाटेवर खोबरं तोलतात तशा, एकाच्या जागी लाभ म्हणत, मोठ्यानं मोजायला लागल्या, "लाभ... दोन... तीन..." तागडीच्या पारड्यांत वर्षानुवर्षांचा गुलाल. पांढरा कापूस पारड्यात जायचा आणि गुलाबी होऊन बाहेर पडायचा. बघता बघता अंगणात गुलाबी ढिगारा झाला. दोन शेजारणींच्या चार झाल्या. बाबूराव पारड्याकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडं बघत होते. त्यांची सगळी अब्रू त्या दोन थाळ्यांत वर-खाली होत होती.

शेवटचं पारडं उतरलं. वजन बाबूरावांनी सांगितलं होतं तेवढं भरलं, वर मूठभर जास्तच. आमच्या दुकानात अब्बा शेवटची मूठ नेहमी वर टाकत.

हौसाबाईंनी तागडी खाली ठेवली. "वजनात खोट न्हाय."

"पाठीतही नाही," मी म्हटलं.

बाबूरावांनी नुसता मिशीवरून हात फिरवला.

मग मी कामाला लागले. मारुतीला गोठ्यातून हाक मारली आणि नवार ताणायला लावली. त्यानं ती अशी ओढली की कॉट करकरली. वाजवली असती तर हलगीसारखी वाजली असती. कापूस काठ्यांनी झोडून मोकळा केला. खोळीच्या बरोबर मध्ये, उशाकडून पायथ्यापर्यंत, दाभणानं दाट टाक्यांची दुहेरी ओळ घातली आणि तिच्यात कापसाची घट्ट वळकटी कोंबली. हा बांध. एकाच रानाचे दोन वाफे झाले. मारुतीच्या वाफ्यात कापूस दाबून दाबून भरला, कडक. शालनच्या वाफ्यात सैल, पण बेताचा. मारुती कितीही बुडाला तरी त्याचा उतार आता बांधापाशी संपणार होता. वरून चादर टाकली की गादी एक. लग्नाची होती तशी.

जवळजवळ निम्मा कापूस घोंगड्यावर उरला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. काढलेला कापूस म्हणजे कमी झालेलं माहेर, असं त्या बघण्याचं भाषांतर होतं.

"ह्याचं काय?" हौसाबाईंनी विचारलं.

"ह्याची दुसरी गादी. वजन जेवढं आलं तेवढं सगळं या घरातच राहील. ही तुमची."

"मला न्हाय लागत. मी जल्मापासनं घोंगड्यावर झोपतो."

मी सकाळपासून बघत होते. उठताना त्या चौकटीला धरून उठत होत्या, आणि उभं राहिल्यावर दोन श्वास तिथंच थांबत होत्या. पण हे मी बोलले असते तर त्यांनी मला तागडीनंच हाणलं असतं. बोलली शालन. त्या दिवसात सासूपुढं मोठ्यानं बोललेलं तिचं पहिलं वाक्य असावं.

"आत्ती, घ्या की. तोललाय तुमीच."

हौसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग आत गेल्या आणि दोन जुनी लुगडी आणून माझ्यापुढं टाकली. त्यांची खोळ शिवली, गुलाबी कापूस भरला. निघताना मी म्हटलं, "पंधरा दिवस शालनला धाडू नका. त्यानंतर तिची पाठ दुखली तर मी स्वतः तिला माहेरी पोचवते आणि आमच्या दुकानाची पाटी उतरवते."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अब्बा चहा पीत होते. म्हणाले, "पाटी माझी आणि पैज तुझी. बी.ए.त हेच शिकवतात काय?" पण मागच्या कॉटवरची गादी त्यांनी त्याच दिवशी उसवली आणि मी सांगेन तसा तिच्यात बांध घालून बघितला. मांजर अर्धं या वाफ्यात, अर्धं त्या वाफ्यात झोपलं.

सोमवार गेला. निरोप नाही. मी येणाऱ्या प्रत्येक एस.टी.तून बाबूराव उतरतात का बघत होते आणि गिऱ्हाइकांना उलटसुलट भाव सांगत होते. पंधरवडा उलटल्यावर एका बाजाराच्या दिवशी बोळाच्या तोंडापासूनच त्यांचा आवाज ऐकू आला.

"नदाफभाई, गेलतो की पोरीला आणाय!"

माझ्या हातातलं दाभण थांबलं.

"आलीच न्हाय! म्हटलं, चार दिवस माहेरला चल. तर म्हणती, आबा, नगं. हितं झोप लागतिया." बाबूराव या वेळी पायरीवर बसले नाहीत. गादीवर बसले, मूठ न मारता. "घागर घिऊन आली समोरनं. सरळ. माझ्या डोळ्यांदेखत."

अब्बांनी भांडेवाल्याच्या दुकानाकडं तोंड करून चहा सांगितला, जरा जास्तच मोठ्यानं.

पण खरी मजा पुढं झाली. जोतिबाची यात्रा आटपल्यावर हौसाबाई आल्या. एकट्या नव्हे, डोंगरावरच्या तीन दुकानदारणी घेऊन. आल्या आल्या त्यांच्यातल्या एकीनं मूठ वळली आणि गादीत घातली. हौसाबाईंनी तिचा हात धरून बाहेर काढला.

"मुठीनं काय बघतीस? मूठ झोपणार हाय व्हय?"

हे वाक्य माझं. गादी शिवताना मी ते शालनला ऐकवलं होतं, तळहाताच्या आणि चहाच्या परीक्षेसकट.

मी म्हटलं, "पडद्यामागं कॉट आहे, तिकडं चला."

"पडदा कशाला? मी काय चोरी करतोय?" असं म्हणून त्यांनी पडदा एका झटक्यात बाजूला सारला, पायातलं पायताण काढलं, पदर अंगाभोवती घेतला आणि रस्त्याकडं पाय करून कुशीवर आडव्या झाल्या. "घाल कमरंखाली हात," त्यांनी एका दुकानदारणीला सांगितलं. "अडखळतोय का? अडखळला पायजे. बुडला न्हाय पायजे."

बोळातून जाणारी माणसं थांबली. भांडेवाला बाहेर आला. सायकलवरून चाललेला एक जण पाय टेकून म्हणाला, "मावशी, बरं न्हाय व्हय?"

हौसाबाई पडल्या जागेवरून म्हणाल्या, "लई बरं हाय. म्हणून तर पडलोय." आणि मला म्हणाल्या, "बाई, चहा सांग. निवंपर्यंत उठत न्हाय मी."

त्या उठल्यावर दुसरी आडवी झाली, मग तिसरी. त्यांना बघून रस्त्यावरची एक मास्तरीण आत आली. संध्याकाळी सायकलवाला त्याच्या आईला घेऊन आला. दुसऱ्या दिवशी मी पडदा काढला, अब्बांनी त्याचे उशांचे अभ्रे शिवले, आणि कॉट मागून ओढून दुकानाच्या तोंडाशी आणली. आजही ती तिथंच आहे. पुढं फोमच्या गाद्या आल्या, चकचकीत दुकानं आली, रंगीत पुस्तकं घेऊन विकणारी पोरं आली. त्यातला एक मला ऐटीत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं झोपून बघायची सोय आहे." मी त्याला चहा पाजला. नवरा-बायकोसाठी दोन वाफ्यांची गादी तर इतकी चालली की कोल्हापुरात लोक नुसतं "बांधाची द्या" म्हणायला लागले.

रुखरुख एकच आहे. शालनच्या आधी मी आणि अब्बांनी, आजोबांनी किती लग्नांच्या गाद्या भरल्या असतील. त्यातल्या किती जणी काठ धरून झोपल्या आणि गप्प राहिल्या, ते मोजायला कुठली तागडी नाही.

गादी तीन-चार वर्षांनी पिंजायला परत येते, हे आमच्या धंद्याचं सुख. केलेलं काम डोळ्यांनी बघायला मिळतं. शालनची गादीही आली. मारुतीनं एकट्यानं खांद्यावरून आणली आणि दुकानात टेकवून चहाच्या निमित्तानं बाहेर सटकला. शालन कडेवर पोर घेऊन उभी राहिली, पाठ ताठ. मी आधी तिच्या बाजूचा काठ बघितला. बोटं फिरवून इकडून तिकडं बघितला. टाके मी घातले होते तसेच्या तसे, धरलेल्या हाताचा डाग कुठं नाही. कोरा काठ.

मधला बांध मात्र पार तुडवून सपाट झाला होता.

अब्बांनी तो बघितला, त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली आणि ते मशीनकडं निघून गेले. मी शालनला विचारलं, "बांध परत घालायचा का?"

तिनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि बाहेर मारुती ऐकत नाही ना ते बघितलं.

"घाला की," ती म्हणाली. "पण जरा बुटका."